विंचू उतरवणारीची नात

६ मे, मंगळवार
धाराशिव. ईश्वरी आत आयसीयूत, आमी भायेर बाकड्यावर. सहा वर्षांचं लेकरू, नाकात नळी, छातीला वायरी. डागदर म्हणला, धोका टळत आलाय, पर अजून दोन-तीन दिवस बघावं लागंल. मग माझ्याकडं वळून, "आजी, विंचू चावल्याबरोबर का न्हाय आणलं? फुफ्फुसात पाणी झालं पोरीच्या."
सुनंनं माझं नाव घेतलं न्हाय.

७ मे, बुधवार
तेच तेच डोळ्यापुढं. रविवारी पोरीनं सरपणात हात घातला, तांबडा विंचू डसला. गावातला विंचू म्या उतरवते. सासूनं दिलेला मंतर. सून म्हणली, "आत्या, गाडी बोलवू का?" म्या म्हणलं, "गप बस. म्या जित्ती असताना माझी नात दवाखान्यात? गावात तोंड कसं दाखवू?"
लिंबाचा डहाळा फिरवत बसले. पोर रडायची थांबली, हातपाय गार, घाम सुटला. म्या तोऱ्यात म्हणलं, उतरला. उतरला कुठला! वकली, धाप लागली. तवा सुनंनं मला न इचारता लेकाला गाडी काढायला लावली. तिच्यामुळं...

८ मे, गुरुवार
ईश्वरी सुई दिसली की किंचाळती. नळी उपटाय लागली. सिस्टरनं मला हिरवा झगा घालून आत घेतलं.
"आजी, मंतर म्हण. दुखतंय."
म्या वळून बघितलं. सून मागं उभी. तीच म्हणली, "म्हणा आत्या. झोपंल ती."
थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं. पुटपुटले. पोर झोपली. सिस्टर म्हणती, "आजी, गुण हाय तुमच्या हाताला."
व्हय. लई गुण.

१० मे, शनिवार
पोरीनं मऊ भात खाल्ला. उद्या वार्डात नेणार.
शेजारची शांता भेटाय आली. "काकू, तुमी हुता म्हणून वाचली बगा पोर. सारं गाव म्हणतंय." म्या म्हणलं, "च्या पी आन् यष्टी गाठ." खरं सांगायला तोंड उघडलं न्हाय. एरवी कुणाला बोलू देत न्हाय म्या. सून तिथंच च्या वतत हुती.

११ मे, रविवार
वार्डात आणली. उठून बसली. सून केळं सोलत हुती.
"आजी, मला बी मंतर शिकव. ग्रहण कधी हाय?" मंतर ग्रहणातच पाण्यात उभं राहून शिकवत्यात, तिला ठावं.
सुनंचा हात थांबला.
म्या तिचा हात धरून सांगून टाकलं. "न्हाय शिकवायचा. तू औषधानं बरी झालीस. मंतरानं न्हाय. म्याच उशीर केला, माझ्या नावापायी."
ईश्वरी बारीक आवाजात, "मी म्हणलं हुतं ना, आजी, लई कसंतरी हुतंय. तू म्हणलीस, उतरला."
"व्हय. म्हणले."
तिनं माझ्या हातातनं हात काढून घेतला. केळं घ्यायला काढला आसंल म्हणलं.
केळं अजून सुनंच्या हातातच हाय.