हौसामावशीची साक्ष

मंगळवार, ४ मार्च २०२५

हौसामावशीने समन्स परत पाठवलं! म्हणे बाई घरी नाही. वर्षापूर्वी पोलिसांपुढे मात्र जीभ बरी वळली. आरोपपत्रातली ती ओळ मला पाठ झालीय — "मैथिलीच्या भावाने गुणाजीला कोयत्याने मारताना मी पाहिले." माझ्या नावाने ओळख दिली! जिने मला कडेवर घेऊन वाढवलं, तिने माझा अंबू तुरुंगात घातला. बांधावरून खुनाच्या आदल्या दिवशी शेजारच्या गुणाजीशी त्याची बाचाबाची झाली, कोयता आमच्या घरचा — सगळं खरं. पण पाहिलं म्हणणारी एकटी मावशीच.

गुरुवार, ६ मार्च

भाऊंचा गावाहून फोन. बाप म्हणून किती धावतायत! म्हणाले, "हौसाच्या मोतीबिंदूचे कागद शोध. तिन्हीसांजेला तिला काय दिसणार?" ऑपरेशन मीच करवलं होतं, खुनाच्या आधी. रामवाडीत माझ्या घरी ठेवून आठ दिवस डोळ्यांत थेंब घातले होते. दोन्ही कागद सापडले. ऑपरेशनच्या आधीचा वकिलांना पाठवला, नंतरचा ठेवून दिला. जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

रविवार, ९ मार्च

रोह्याला गेले. मावशी तिच्या लेकीकडे, प्रणिताकडे, जाऊन बसलीय. चहा पुढे केला, मी घेतला नाही.

"मावशी, तू खरंच पाहिलंस?"

"व्हय. वालाच्या शेतात व्हते ना मी."

"मग कोर्टात का येत नाहीस?"

"नको गो बाय. मी तोंड उघडलं तर तुझं घर बसंल."

बसायचं काय राहिलंय! वाटेल ते बोलले. खोटारडी म्हटलं, खाल्ल्या मिठाला न जागणारी म्हटलं. ती पदर तोंडाला लावून बसली. मी तशीच स्टेशनवर आले.

मंगळवार, ११ मार्च

उद्या तारीख. भाऊ येणार नाहीत — गुडघा दुखतोय म्हणे.

बुधवार, १२ मार्च

अलिबागला पोलीस मावशीला घेऊन आले. सरकारी वकिलांनी विचारलं, गुणाजीला कोणी मारलं?

"मैथिलीच्या भाऊंनी."

"म्हणजे या आरोपीने?"

"अंबू? तो कुठं व्हता तिथं!"

न्यायाधीश म्हणाले, मग भाऊ कोण? मावशीने माझ्याकडे पाहिलं आणि गप्प झाली. तीनदा विचारलं, तरी गप्प. सरकारी वकील चिडले — साक्षीदार फितूर झाली! आमचे वकील खूश. "म्हातारी गोंधळलीय. पुढच्या तारखेला डोळ्यांचा कागद काढतो."

ती गोंधळलेली नाही. जबाब घेणारा बाहेरगावचा होता. ती म्हणाली "भाऊंनी", त्याने लिहिलं "भावाने". आमच्याकडे अंबूला भाऊ कोणी म्हणत नाही. तो सगळ्यांचा अंबू. भाऊ म्हणजे आमचे वडील!

वर्षभर मी तिला शिव्याशाप दिले आणि तिने अंबूचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. ते आरोपपत्र मला वाचून कोणी दाखवलं? भाऊंनीच. ही ओळ वाचताना थांबलेसुद्धा नाहीत.

शनिवार, १५ मार्च

तुरुंगात अंबूला भेटले. तुला ठाऊक होतं? त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "भाऊ म्हणाले होते, हौसाला नीट दिसत नाही, केस टिकायची नाही. दोन महिन्यांत सुटशील, तोवर गप्प राहा."

चौदा महिने झाले! मी म्हटलं, आता तरी बोल.

"बापाविरुद्ध, ताई?" — आणि रडायला लागला.

फसवलं आम्हाला. परक्याने नाही, बापाने. आणि मी त्याच बापासाठी कागद शोधत बसले होते!

रविवार, १६ मार्च

गावी गेले. भाऊ जेवत होते. सगळं तोंडावर विचारलं. नाही म्हणाले नाहीत. ताक मागितलं. मी वाढलं, आणि त्यांच्यासमोर सरकारी वकिलांना फोन लावला — भाऊ कोण, ते सांगायला मी येते.