टेपरेकॉर्डरचा बारीक स्क्रू

प्रिय मिल्टन,

माझं पत्र पाहून तू चकित होशील. फोनवर आपण इथला, पायसांदूचा उकाडा, नदी, तुझ्या मुलीच्या परीक्षा एवढंच बोलतो. मग ठेवता ठेवता, सहज आठवल्यासारखं, तू विचारतोस, म्हातारा कसा आहे? मी म्हणते, बरा आहे. गेली कित्येक वर्षं आपलं हे असंच चाललंय. आज मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल. वाचताना चिडलास तरी पत्र मध्येच टाकू नकोस.

गेल्या महिन्यात कपाटावरून तुझा कॉम्प्युटर खाली काढला. त्याच्यासोबत आईचा टेपरेकॉर्डर आणि बुटांच्या खोक्यातल्या तुझ्या टेपही निघाल्या. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता, तो नवा घातला. दोन वायरी कुठे जोडायच्या हे माझ्या हातांना अजून पाठ होतं. एक कॉम्प्युटरकडून टेपवर भरण्यासाठी, दुसरी टेपवरचं कॉम्प्युटरला ऐकवण्यासाठी. तुला आठवतं, त्याची वीज गेली की सगळं त्याच्या डोक्यातून जायचं, आणि रोज दुपारी तू आधी टेप लावून त्याला सगळं पुन्हा शिकवायचास. ती कर्कश किंचाळी ऐकून आई म्हणायची, याने घरात डुक्कर पाळलंय.

मिल्टन, तुझ्या टेप पुसल्या गेलेल्या नाहीत. पुसल्या कधीच गेल्या नव्हत्या.

आता त्या डिसेंबरबद्दल. मी नऊ वर्षांची होते, तू सतराचा. वरच्या गावांतल्या पाण्याच्या नोंदींवरून आपल्याकडे नदी कधी आणि किती चढेल हे सांगणारा तुझा प्रोग्रॅम पुरा होत आला होता. शनिवारी तो राजधानीत, मोंतेविदेओला दाखवायचा होता, त्यावर तुझी शिष्यवृत्ती ठरणार होती. त्याच आठवड्यात आर्तिगासहून मावशीची टेप आली. ती पत्र लिहीत नसे, टेपवर बोलून पाठवायची. तिचा आवाज उशीखालून आल्यासारखा येत होता, आणि आई टेपरेकॉर्डरला कान लावून बसली होती. टेप वाचणाऱ्या हेडजवळच्या बारीक स्क्रूची युक्ती मला वॉशिंग्टन मामाने दाखवली होती. दुपारी सगळे झोपल्यावर मी तो हळूहळू फिरवला. एका जागी मावशी एकदम खोलीत येऊन बसल्यासारखी बोलू लागली. आईला उठवून ऐकवलं तेव्हा तिने माझ्या कपाळाचा मुका घेतला. यंत्राचं काही मला जमलं असं घरात पहिल्यांदाच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तुझी एकही टेप चालेना. प्रत्येक यंत्राचं हेड ज्या कोनात बसलेलं असतं त्या कोनात टेप लिहितं, त्याच कोनात ती वाचावी लागते, आणि तो स्क्रू हा कोनच बदलतो, हे मला फार पुढे कळलं. माणसाचा कान घोगऱ्या आवाजातूनही अर्थ काढतो, कॉम्प्युटर काढत नाही. तू नवीन चार ओळी भरून पाहिल्यास, त्या बिनचूक परत आल्या. म्हणजे यंत्र ठीक आहे, टेपच गेल्या, असं तू ठरवलंस. कुणीही तसंच ठरवलं असतं. आणि रविवारी पत्ते खेळायला टेबल मोकळं करताना बाबांनी तुझं खोकं रेडिओच्या मोठ्या कर्ण्यावर ठेवलं होतं. कर्ण्यात लोहचुंबक असतं, चुंबकाने टेप पुसते, आणि तू राजधानीला जावंस हे बाबांना नको आहे, हे तर सगळ्या गल्लीला माहीत होतं.

तू ओरडत होतास तेव्हा मी न्हाणीघरात लपले होते. नंतर स्क्रू परत फिरवायला गेले, पण मूळ जागा कुठली होती ते आठवेना. मी रडत रडत इकडून तिकडे फिरवत राहिले. बाबा दारात कधी येऊन उभे राहिले कळलंच नाही. त्यांनी माझ्या हातातून स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला, टेपरेकॉर्डरकडे पाहिलं आणि म्हणाले, "गप्प राहायचं. तो तुझ्यावर रागावला तर तुला झेपणार नाही. माझ्यावर रागवायची त्याला सवय आहे." बाहेर जाऊन त्यांनी तुला सांगितलं, हो, मीच ठेवल्या कर्ण्यावर, काय करायचं ते कर. आठवडाभरात निवळेल असं त्यांना वाटलं असणार. तू शुक्रवारच्या बसने गेलास, तो कायमचाच. आईच्या मातीलाही तू त्यांच्याशी बोलला नाहीस, आणि मी दोघांच्या मध्ये उभी राहून फुलं सारखी करत होते.

मोठी झाल्यावर मी सांगू शकले असते. दर नाताळला ठरवायचे. पण तुझा फोन यायचा, तू मला 'बेडके' म्हणून हाक मारायचास, आणि मग माझ्याने होत नसे.

गेल्या मंगळवारी मी वायर काढून तुझी टेप नुसती ऐकली. किंचाळीला धार येईपर्यंत स्क्रू केसाकेसाने फिरवला आणि वायर पुन्हा जोडली. बाबा शेजारी त्यांचा कडू माते चहा पीत बसले होते. बहुतेक दिवस ते आता मला आईच्या नावाने हाक मारतात. आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "मिल्टन आलाय का शाळेतून?" सहा मिनिटांनी पडद्यावर तुझ्या ओळी उमटल्या. सगळ्यात वर तू लिहिलंयस, पाण्याची मोजणी: बाबा. खाली त्यांनी रोज पहाटे बंदरावर पेन्सिलीने टिपून तुला आणून दिलेले आकडे आहेत. मी ते त्यांना वाचून दाखवले. एप्रिलच्या एका आकड्याला त्यांनी मला थांबवलं, म्हणाले, त्या दिवशी धुकं होतं, पाणी मोजायची पट्टी नीट दिसली नव्हती.

मग ते रडायला लागले, मिल्टन, आणि मी हे पत्र त्यासाठी लिहिते आहे. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "मी पोराच्या टेप पुसल्या. मुद्दाम पुसल्या. त्याला म्हणावं, म्हाताऱ्याला एकदा माफ कर." मी सांगितलं की तुम्ही नाही, मी केलं, स्क्रू मी फिरवला. त्यांनी माझ्याकडे परक्या बाईकडे पाहावं तसं पाहिलं आणि मान हलवली. इतकी वर्षं माझ्यासाठी उचललेलं खोटं आता त्यांना खरंच आठवतं, आणि खरं काय झालं ते त्यांच्याजवळून गेलंय. माझ्या तोंडून ते त्यांना पटत नाही. तुझ्या तोंडून पटेल. ये, आणि त्यांच्यासमोर बसून सांग, की तुम्ही काही केलं नव्हतं. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा संपेपर्यंत ते तुला ओळखतील. माझ्याशी बोलायचं की नाही हे तू नंतर ठरव. मी स्टँडवर येईन, आणि तू म्हणालास तर येणार नाही.

तुझीच, आणि तुझी अपराधी,
नीदिया