अकराव्या मजल्यावरचं वारं

३ नोव्हेंबर २०२५

घारीची पाठ बघितली! खालून पोट तर जन्मभर बघत आले. आज गॅलरीत उभी होते आणि ती माझ्या पायांखालून गेली — तपकिरी, शांत, पंख न हलवता. इकडे दूध उतू गेलं, कळलंच नाही.

अकरावा मजला! जालन्यात असं घर असेल आणि त्यात मी असेन, हे अजून खरं वाटत नाही. लेकाने, अपूर्वने पुण्याहून बजावलंय — महिनाभर राहून बघा. पटलं तर दोघं मिळून हो म्हणा, मग जाफराबादचं घर विकू. घेणारा थांबलाय.

५ नोव्हेंबर

ह्यांचं सकाळीच सुरू. गॅलरीत बाज मावत नाही. संडासाची भिंत देवघराला लागून. स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते — फोडणी आपली, ठसका दहाव्या मजल्याला! "नकाशा काढणारानं कधी भाकर थापली न्हाई," म्हणाले. जसे काही हेच रोज थापतात! पण बोलणं खोटं नाही.

६ नोव्हेंबर

एवढा मोठा चंद्र, आणि मध्ये एकही छप्पर नाही!

९ नोव्हेंबर

मी झोपले. भर दुपारी! पडदा पोटुशी बाईसारखा फुगत होता. डोळे मिटले तर घरच हळूहळू चालायला लागलं. कुठे निघालं होतं कोण जाणे, मी विचारलं नाही.

जाफराबादला ओट्यावर ह्यांची बैठक आणि आत माझा स्टोव्ह. "तारा, चार कप!" येणारी माणसं गोड होती, पण दार कधी लागलं नाही. इथं लावलं की लागतं.

१२ नोव्हेंबर

हसू की रडू! ओटा नाही म्हणून ह्यांनी प्लास्टिकची खुर्ची लिफ्टसमोर मांडली. कोणी बाहेर पडलं की, "या, बसा. झालं का जेवण?" लोक बिचकतात. आज चुकून अकराव्यावर आलेल्या पार्सलवाल्याने वॉचमन समजून डबा ह्यांच्याच हातात दिला. हे खूश! सहाव्या मजल्यावर पोचवून चहा पिऊन आले. तिथं सालेहा राहते, शाळेत शिकवते. ह्यांना म्हणाली, "काका, आम्ही आल्यापासून बिलकुल कोणी आत येऊन बसलं न्हाई. तुमीच पहिले."

१७ नोव्हेंबर

सोसायटीचे सेक्रेटरी आले. हात जोडून, पण आले. "काका, ही जागा सगळ्यांची हाये. इथं बसता येत न्हाई."

"सगळ्यांची हाये म्हणून तर बसलो!"

खुर्ची आत आली. संध्याकाळभर हे तिच्यावर बसून बंद दाराकडे बघत होते. मी दार उघडून ठेवलं. कोणी आलं नाही.

१९ नोव्हेंबर

धुकं. खालचं अख्खं जालना विरघळलं. स्टील कारखान्यांची धुराडी तेवढी वर, तीही तरंगणारी. रस्ता नाही, हाक नाही, मी कोणाची कोणी नाही. इतकं सुख वाटलं! मागे वळले तर हे आतच बसलेले, पाय हलवत. त्या सुखाची लाज वाटली.

२४ नोव्हेंबर

जेवताना म्हणाले, "सांग अपूर्वला, हो म्हणून. तुला इथं झोप लागून राह्यली. मी बघून राह्यलो ना."

ह्या माणसाला माझी झोप कधी दिसतच नाही, असं मी समजत होते.

"आन् तुमचं?"

"माझं काय! होईल सवय."

कसली होते! हे भाकरी अर्धी टाकून उठले. मी हो म्हणाले तर हे वाळतील. नाही म्हणाले तर मी — आता हे वारं अंगाला लागल्यावर.

३० नोव्हेंबर

अपूर्वला सांगून टाकलं — घरही विकायचं नाही, फ्लॅटही सोडायचा नाही. "म्हणजे?" म्हणाला.

आज ह्यांना जाफराबादच्या गाडीत बसवून दिलं. मी इथंच राहणार. गाडी हलली तसं खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "तारा, शनिवारी येऊ का?"

मला विचारलं! रडू फुटलं.

"या," म्हणाले.