पल्पिट, फरशी आणि दोन सूत

शनिवार, दुपारी जेवण झाल्यावर

आदरणीय मोठ्या मामांना, त्यांच्या एकुलत्या एका (आणि म्हणूनच सर्वांत लायक) भाच्याचा वाकून सलाम.

तुमचे गुडघे कसे आहेत? जन्मभर लोकांच्या घरांत रांगत रांगत फरश्या घातल्यात, आता गुडघे हिशेब मागणारच. मामींचा खोकला बसला का? इकडे सगळे ठीक. तुमची सूनबाई ठणठणीत आहे, आवाज तर विशेष. माझी प्रकृतीही उत्तम, फक्त मन दुखावलेलं आहे, आणि ते का दुखावलं ते सविस्तर कळवण्यासाठी हे पत्र. मधेच चष्मा काढून ठेवू नका. शेवटपर्यंत वाचा. शेवटपर्यंत म्हणजे सहीच्या खालचंही.

सुरुवात नम्रतेपासून करतो, कारण हल्ली आमच्या चर्चमध्ये तोच विषय चालू आहे. मी किती नम्र माणूस आहे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. या भागात माझ्याइतका नम्र मिस्त्री दुसरा दाखवा, मी रंधा खाली ठेवीन. कुणाकडे शिकायला गेलो नाही, कुणाच्या हाताखाली राबलो नाही, लाकडाशी बोलत बोलत शिकलो, आणि तरी मी त्याचा कधी गर्व केला नाही. (हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आवर्जून सांगतो.) सूनबाईचं म्हणणं असं, की माझा नम्रपणा घरात घ्यायचा तर दाराची चौकट काढावी लागेल. ती चौकट मी केलेली आहे, निघायची नाही, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं.

तर आमच्या चर्चमधलं पल्पिट, म्हणजे ज्याच्यामागे उभं राहून पाळक उपदेश करतात ते, अकरा वर्षांपूर्वी मी केलं. तुम्ही ते पाहिलेलं नाही, तुमचे गुडघे तोवर गेले होते. एका जुन्या शाळेची दारं मोडीत निघाली, ते लाकूड. सतरा सांधे, खिळा एकही नाही. त्याला पॉलिश केलं ते पॉलिशवाल्याने. तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखता, नाकात बोलतो तो. बावीस वर्षं तो आणि मी एका शेडखाली काम करतोय. मी लाकूड कापायचं, त्याने चमकवायचं. माझ्या कामाला तो कधी नावं ठेवत नसे, आणि त्याच्या कामाला मी ठेवी, त्यामुळे आमचं छान जमलं होतं.

जुने पाळक होते तोवर सगळं सुरळीत होतं. मग गेल्या वर्षी नवे पाळक आले. तरुण, सडपातळ, उत्साही. (उत्साही माणसापासून प्रभूने आपलं रक्षण करावं, पण करत नाही.) त्यांनी पहिल्याच महिन्यात माईकची वायर पुरत नाही म्हणून पल्पिट चार जणांकडून उचलून हातभर पुढे घेतलं. मला न विचारता. आणि त्यांना सवय अशी की उपदेश करताना जवळ पेन्सिल ठेवायची. कशासाठी ते कळलेलं नाही. कोण झोपलं त्याची खूण करत असावेत.

मामा, ती पेन्सिल पडायला लागली. पल्पिटच्या वरच्या सपाट पट्टीवर ठेवली की ती डावीकडे चालू लागायची, आधी सावकाश, मग घाईने, आणि टक्. पहिल्या बाकावरच्या आजी उठायच्या, उचलायच्या, द्यायच्या, बसायच्या. पुन्हा टक्. एका रविवारी ‘जो स्वतःला उंच करतो’ एवढं बोलून पाळकांनी श्वास घेतला, आणि तेवढ्यात टक्. सगळं चर्च हसलं. मागच्या बाकावरचे लोक तर पेन्सिल किती वेळा पडते यावर पैजा लावू लागले आणि त्यामुळे हजेरी वाढली, हे कुणी मान्य करत नाही. मी पाळकांना सहा कडांची पेन्सिल नेऊन दिली. गोल पेन्सिल गडगडते, कडांची थांबते, साधी गोष्ट आहे. त्यांनी आभार मानले आणि कमिटीची बैठक बोलावली.

बैठकीत मला विचारलं, मिस्त्री, पल्पिट वाकडं आहे का? मामा, मला! मी पिशवीतून माझी पाणसळ काढली. पितळी, स्वतः निवडून घेतलेली, तीस वर्षं वापरातली. पल्पिटवर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध. कमिटीच्या सहाही जणांना वाकून बघायला लावलं. मग तीच पाणसळ जमिनीवर ठेवली. बुडबुडा सरकून एका टोकाला. मग मी माझं मत दिलं, ते काय दिलं ते पुढे सांगतो, आणि खाली बसलो. आता तुम्हीच सांगा, यापुढे काही बोलायला जागा उरते? पण सेक्रेटरीने सहज म्हणून पॉलिशवाल्याला विचारलं, आणि तो, बावीस वर्षांचा माझा सोबती, नाकातून म्हणाला, “पल्पिट डावीकडून दोन सूत कमी आहे. पहिल्या दिवसापासून.”

दोन सूत, म्हणजे पाव इंच! सहा माणसांसमोर! प्रभूला धरून देणाऱ्या त्या तीस नाण्यांवाल्याने निदान जवळ येऊन मुका तरी घेतला होता. याने जागेवरून उठायचीसुद्धा तसदी घेतली नाही. आणि एक सूत म्हणाला असता तरी समजू शकलो असतो. लाकूड आहे, हवा लागते, सुकतं. दोन सूत म्हणजे सरळ मिस्त्रीला हात नाही असं म्हणणं. मी पिशवी उचलली आणि निघालो. दाराशी अडखळलो, पण ते उंबऱ्यामुळे.

त्यानंतर तीन आठवडे मी त्याच्याशी बोललो नाही. एका शेडखाली काम करून न बोलणं किती कष्टाचं असतं, तुम्हाला कल्पना नाही. ‘तो डबा सरकव’ हे न बोलता सांगायला मला पाऊण तास लागे. पाळकांना कुणकुण लागली आणि त्यांनी लागोपाठ दोन रविवार क्षमेवर घेतले. भावाला साताच्या सत्तर पट वेळा क्षमा करा, म्हणाले. मी तिथल्या तिथे गुणाकार केला, चारशे नव्वद. एवढ्या वेळा तो दगा देणार कधी आणि मी क्षमा करणार कधी? दोघांचीही पन्नाशी जवळ आली आहे. घाऊक क्षमा चालेल का, असं मी बाहेर पडताना पाळकांना विचारलं. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

आणि मग आला पाय धुण्याचा गुरुवार. प्रभूने शिष्यांचे धुतले तसे दरवर्षी पाळक बारा जणांचे पाय धुतात, त्यात मी असतोच. (घरून स्वच्छ घासून, नखं कापून जातो. देवाच्या सेवकाला उगाच त्रास कशाला? आदर म्हणतात तो हाच.) पण नव्या पाळकांनी जाहीर केलं, की यंदा आपण एकमेकांचे पाय धुऊ, आणि चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या चिठ्ठीत कोण निघालं असेल ते सांगायला तुमच्यासारखा अनुभवी माणूस नको. चिठ्ठ्यांत देवाचा हात होता असं पाळक म्हणतात. माझ्या मते पाळकांचा होता.

मी ठरवलं, ठीक आहे. क्षमा करायचीच तर अशी करू की शेवटच्या बाकावरूनही दिसेल. घरून स्वतःचा टॉवेल नेला. पाणी कोमट हवं म्हणून थर्मासमध्ये नेलं. सूनबाई म्हणाली, “पाय धुताय की बाळंतपण करताय?” मी दुर्लक्ष केलं. संध्याकाळी पाचच्या उपासनेत पॉलिशवाला पल्पिटशेजारी खुर्चीवर बसला, पायमोजे काढले, आणि मी सगळ्यांकडे एकदा बघून गुडघे टेकले.

मामा, मी आयुष्यात पहिल्यांदा त्या जमिनीच्या इतका जवळ गेलो होतो. घमेलं ठेवलं, पाणी ओतलं, पाणी हलायचं थांबलं, आणि माझी नजर (तुम्हाला माहीतच आहे, मला सवय आहे) काठाकडे गेली. पाणी काठापासून चारी बाजूंनी सारखं. मी घमेलं गोल फिरवून पाहिलं. सारखंच. सरकवून पाहिलं. सारखंच. म्हणजे जमीन सरळ होती. पॉलिशवाला पाय वर धरून अवघडून बसलेला, लोकांना वाटलं मी प्रार्थनेत आहे. मग मी मान आणखी खाली घातली, आणि पल्पिटच्या मागे, जिथे ते पूर्वी उभं होतं तिथे, भिंतीलगत धुळीत मला एक पाचर दिसली. एवढीशी, लाकडाची, एका टोकाला जाडी बरोबर दोन सूत. उचलून पाहिली. तिला पॉलिश होतं. वरून, खालून, सगळ्या बाजूंनी, पल्पिटच्याच रंगाचं. पाचरीला पॉलिश करणारा वेडा या जगात एकच आहे, आणि त्याचा उजवा पाय माझ्या हातात होता.

म्हणजे पाळकांनी हलवेपर्यंत ती पाचर माझ्या पल्पिटच्या डाव्या पायाखाली होती, आणि अकरा वर्षं तो गप्प होता. मी वर बघितलं. तो वाकला आणि माझ्या कानाशी एक वाक्य बोलला. ते वाक्य तूर्त राहू द्या. मी पाय धुतले, पुसले, बोटांच्या बेचक्यांतूनही. लोकांना दिसावं म्हणून ठरवलेलं बरंच काही करायचं राहून गेलं. उठताना गुडघा कळवळला, तेव्हा तुमची आठवण झाली, म्हणून हे पत्र.

मामींना सलाम. तब्येतीला जपा. पथ्य पाळा.

तुमचा नम्र (आता मोजून),
भाचा मिस्त्री

ता. क. तुमची ती जुनी पाणसळ अजून असेल तर पाठवून द्यावी. माझी काल बाकावर ठेवून पाहिली, मग टोकं उलटी करून पाहिली. बुडबुडा दुसरीकडे. म्हणजे चूक बाकाची नव्हती, पाणसळीची होती, आणि पल्पिट मी तिच्यावरच जुळवलं होतं. मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, पाणसळ विकत घेतलीस की आधी उलटून बघ, मगच तिच्यावर विश्वास ठेव. मी म्हणालो होतो, मला शिकवू नका. हे तुम्ही विसरला असाल अशी आशा होती, पण तुम्ही काहीच विसरत नाही असं मामी म्हणतात. पाळकांना हा प्रसंग उपदेशात हवा होता. मी सक्त मनाई केली आहे.

दुसरा ता. क. आता खरं काम. मंगळवारपर्यंत तुम्हाला चर्च कमिटीचं एक पत्र येईल. सेक्रेटरीने ते बुधवारीच टाकलं, मी अडवायला गेलो तोवर पेटी उघडून टपाल नेलं होतं. त्यात चर्चची फरशी घालणाऱ्या गवंड्याकडे, म्हणजे तुमच्याकडे, लेखी खुलासा मागितला आहे, आणि खाली माझा जबाब जोडला आहे. ‘पल्पिट सरळ असून फरशी वाकडी आहे, गवंड्याने काम घाईत केलं असावं.’ सही माझी. अक्षर नेहमीप्रमाणे सुरेख. मामा, तुम्ही तिथे चाळीस दिवस गुडघ्यांवर होतात, आणि रोज तुमचा डबा घेऊन मीच यायचो. पॉलिशवाला माझ्या कानाशी म्हणाला ते हे: “मिस्त्री, तू मला शिव्या दिल्या असत्यास तरी मी गप्प बसलो असतो. तू मामांना वाकडं म्हणालास.” प्रभूला नाकारणाऱ्या त्या शिष्याला कोंबड्याने जागं केलं. माझ्या नशिबी पेन्सिल आली, आणि तीही मला महिनोन्‌महिने ऐकू आली नाही. उद्या उपासना संपली की मी सगळ्यांसमोर उभा राहून जबाब मागे घेणार आहे. पण ते पत्र तुमच्या हातात पडण्याआधी हे पडावं म्हणून जलद टपालाने पाठवतोय. आधी हे वाचा. मग तेही वाचा, फाडा म्हणणार नाही. चारशे नव्वदमधली एक मला हवी आहे. घाऊक नको, एकच, पण तुमच्या हातची.

तिसरा ता. क. पाणसळ टपालाने पाठवू नका, काच फुटेल. स्वतः घेऊन या. पॉलिशवाला गाडी घेऊन न्यायला येईल (आता बोलतो मी त्याच्याशी, डबा पटकन सरकतो). पाचर परत बसवली आहे, पेन्सिल पडत नाही, पहिल्या बाकावरच्या आजी नाराज आहेत. तुम्ही आलात की खुर्ची पल्पिटशेजारी ठेवीन, पाणी कोमट असेल, आणि या वेळी कुणाला बोलावणार नाही, आपण तिघंच.

(एक फक्त, राग मानू नका. घमेलं सरकवत होतो तेव्हा उजव्या कोपऱ्यातली एक फरशी बोटाला लागली. अर्धं सूत वर आहे. मी कुणाला बोललेलो नाही. आलात की दाखवतो.)