लक्ष्मीच्या तळहातावरच्या ओव्या

१२ फेब्रुवारी १९९४, शनिवार

आज कॉलेज-डेला लक्ष्मीनं कमाल केली! केबल आल्यापासून आमच्याकडे गिटार नि कीबोर्डशिवाय कुणी स्टेजवर चढत नाही, आणि ही पोरगी नुसत्या टाळीवर माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या गायली. घरी तेलुगू बोलणारी ही माझी मैत्रीण महिनाभर आमच्या स्वयंपाकघरात बसून आईकडून त्या शिकली. मी तेव्हा बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत असायचे. शब्द विसरू नयेत म्हणून आज तिनं ते तळहातावर तेलुगू अक्षरांत लिहून आणले होते, निळ्या शाईनं.

पहिल्याच ओळीला मागची मुलं हसली. लाज कुणाला वाटली? मला! मी मान खाली घातली. ती थांबली नाही. तिसऱ्या ओवीला तीच मुलं ठेका धरून टाळ्या वाजवत होती. काय तो आवाज, काय ती हिंमत! तळहाताकडे तर तिनं एकदाही पाहिलं नाही.

खाली आल्यावर मी तिला मिठी मारली, तर ही रडवेली. "अम्मा को बोल ना, एक लाइन भूल गई मैं." तळहातावरची शाई घामानं पार पसरली होती.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. पोळी लाटता लाटता ती थांबली. चेहरा असा खुलला होता!

"कुठली ओळ सुटली गं?" तिनं विचारलं.

मी काय सांगणार? मला त्या ओव्या येतच नाहीत.