आप्पांच्या गाडीची कडी

रविवार, ता. १७, दुपार

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तू बरी असशील. भावजींचा गुडघा आता कसा आहे? इकडे आम्ही ठीक. माझं अक्षर दिसलं की तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, असं ही म्हणते. आठ महिन्यांपूर्वी मी फोनवर जे बोललो त्यानंतर तसं केलंस, तर मी कुठल्या तोंडाने तक्रार करू? पण फोड, ताई. वाच.

आधी बातमी सांगतो. आप्पांची पावाची गाडी मी झोपण्यासाठी तयार केली. बेकरीने त्यांना निवृत्तीच्या वेळी दिलेली तीच, अंगणात पडून होती ती. हसू नकोस. घरातल्या पलंगावर ते रात्रभर टिकेनात. पहाटेचे तीन वाजले की उठायचे, "पाव थंड होतायत" म्हणून दार बडवायचे. दार उघडलं की तरातरा जाऊन गाडीत बसायचे आणि तिथे बसल्या बसल्या घोरायला लागायचे. मग म्हटलं, तिथेच नीट आडवे होऊ देत की.

काम मात्र फक्कड झालंय. वीस वर्षं मी लोकांच्या थंडगोदामांना आतून फोम लावत आलो, मग घरच्या गाडीला हात का आखडायचा? पत्र्याला चार बोटं जाड फोम, त्यावर प्लायवूड. झोपायची फळी गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे त्यांना उठताना त्रास नको. कोपरे घासून गोल केले. छताला हवा येईल पण आवाज नाही असा वळणाचा, जाळीचा झरोका आणि बारका पंखा. उशाशी बॅटरीचा दिवा, पायाशी भांडं. पडदे हिने शिवले. आप्पांनी सगळं निरखून पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे, पण मिस्त्री, पावाचे ट्रे कुठे ठेवू? तुमच्या डोक्यावर?" वर्षभर मी त्यांचा मिस्त्रीच आहे. हिला मात्र सूनबाई म्हणतात. माझंच नशीब फुटकं.

रस्त्यावरच्या ट्रकांनी त्यांची झोप मोडायची, म्हणून आवाजाचा बंदोबस्त मी जास्तच मन लावून केला. मी आत बसलो, दार लावून घेतलं आणि हिला बाहेरून पातेलं बडवायला सांगितलं. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आप्पा सलग सहा तास झोपले. शेजारची शिंपीणबाई बघायला आली, म्हणाली, "मलाच भाड्याने द्या." आणि हो, मागच्या दाराला बाहेरून एक कडी बसवली. असो.

तुझ्याकडच्या कुंडीतला मोगरा जगला का? आमचा गेला.

ताई, कडीचं सांगतो. आता लपवून काय करू?

गाडीत झोपायला लागून तीन आठवडे झाले असतील. एका पहाटे आप्पा उठून चालू लागले. अनवाणी. एका ट्रकवाल्याने हमरस्त्याच्या वळणावरून त्यांना आणून सोडलं. रस्त्याच्या मधोमध उभे राहून गाड्यांना हात करत होते म्हणे. त्याच दिवशी कडी ठोकली. ही म्हणाली, "अहो, हे बरं दिसतं का?" मी तिच्यावरच खेकसलो. रोज पाचला उठून कडी काढायचो. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

गेल्या सोमवारी मला जाग आली नाही. दिवसभराच्या कामाने मेलो होतो. उठलो तेव्हा सात वाजून गेले होते. तसाच धावलो, कडी काढली. आप्पा दाराला टेकून खाली बसलेले. कपडे ओले. दोन्ही मुठी सुजलेल्या, बोटांची सालटं निघालेली. प्लायवूडवर रक्त होतं गं. माझी खिडकी तिथून दहा पावलांवर आहे. दहा! पण मी एक ठोका ऐकला नाही. कसा ऐकणार? काम फक्कड झालं होतं ना.

माझ्याकडे बघून म्हणाले, "ठोंब्या, कधीचा हाका मारतोय रे. ऐकू येत नाही का तुला?"

ठोंब्या म्हणाले, ताई. वर्षभराने मला ओळखलं ते असं.

प्रत्येक गिऱ्हाइकाला मी बजावतो की थंडगोदामाच्या दाराला आतून उघडणारा खटका पाहिजेच, माणूस अडकला तर जिवाला मुकेल. त्याशिवाय मी कामाला हातच लावत नाही. आणि स्वतःच्या बापाच्या दाराला मी तो खटका लावला नाही. विसरलो म्हणून नाही. खटका लावला असता तर ते बाहेर पडले असते.

आता सांग, काय करू? कडी लावली तर हे असं. नाही लावली तर हमरस्ता. कडी मी उखडून टाकली आणि सहा दिवस गाडीच्या दारात खुर्ची टाकून बसतोय. काल कामावर शिडीवर उभ्या उभ्या डोळा लागला. हिने एक रात्र काढली, तर तिला ताप भरला. मी हात टेकले गं.

तू त्या संस्थेचा पत्ता पाठवला होतास, जिथे रात्रभर कुणीतरी जागं असतं. तो मी फाडून टाकला आणि फोनवर तुला म्हणालो, बापाला टाकायला निघालीस, मी जिवंत असेपर्यंत ते होणार नाही. चुकलो. तू बरोबर होतीस, हे लिहायला मला पाच कागद फाडावे लागले.

पत्ता पाठवू नकोस. घेऊन ये. मला वाट्टेल ते बोल, पण ये. त्यांना तिथे एकट्याने सोडून माघारी फिरणं माझ्याने होणार नाही.

बोटांच्या जखमा भरत आल्या आहेत. त्या सकाळचं त्यांना काही आठवत नाही असं डॉक्टर म्हणतात. मी पुन्हा मिस्त्री झालोय. पण रोज संध्याकाळी गादीवर बसले की हात जोडतात आणि हळूच विचारतात, "मिस्त्री, आज कडी लावणार का?" मी म्हणतो, "नाही आप्पा, कडी नाहीच आता." ते मान डोलावतात, आणि मग एक पाय दारात अडकवूनच आडवे होतात.

लवकर ये.

तुझा,
ठोंब्या