धुराड्यातली खरुची आणि तुमची बहीण

तीर्थस्वरूप दादांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि वहिनींचा खोकला गेला का, ते सवडीने कळवावे. इकडे सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात खुशाल फक्त तुमची बहीण आहे. मी कसा आहे हे या घरात कुणी विचारत नाही, म्हणून तुम्हाला न विचारताच सांगतो.

सुरुवात झाली तिच्या साखरेपासून. डॉक्टरांनी तिला रोज सकाळी चालायला सांगितलं. कुठेही न पोचता नुसतं चालायचं आणि परत यायचं हे तिला काही केल्या पटेना (लहानपणीही अशीच होती का? लग्न ठरवताना ही बाब तुमच्याकडून सांगायची राहून गेली). म्हणून मी आम्हा दोघांची नावं पक्षी बघणाऱ्या मंडळात घातली. मी घातली, हे नीट लक्षात ठेवा, कारण आता सगळीकडे बोललं जातं की बाई पक्ष्यांच्या नादी लागल्या आणि नवऱ्यालाही सोबत नेतात. या मंडळाचे प्रमुख एक निवृत्त दंतवैद्य आहेत. त्यांना सगळे कॅप्टन म्हणतात. ते सैन्यात कधीच नव्हते, नुसती टोपी घालतात. जन्मभर समोरच्याचं तोंड उघडं ठेवून बोलत आल्यामुळे आपल्याला कुणी उलट उत्तर देऊ शकतं याची त्यांना सवय नाही.

पहिल्याच रविवारी आम्हाला गावाबाहेरच्या बंद वीटभट्टीवर नेलं. भट्टीचं उंच धुराडं अजून उभं आहे आणि भोवती गुडघाभर गवत माजलंय. विजेच्या तारेवर कबुतराएवढा एक शिकारी पक्षी बसला होता. मी आदल्या दिवशी पुस्तक वाचून गेलो होतो (वाचून गेलेला मंडळात मी एकटाच, पण ते कोण बघतो). मी ठणकावून सांगितलं, शिक्रा. कॅप्टननी टोपी मागे सरकवली आणि दुखरी दाढ सापडल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "चष्मेवाले, शिक्र्याचे पंख आखूड आणि टोकाला गोल असतात. याचे बघा, किती लांब आणि टोकदार आहेत. शिक्र्याचा डोळा पिवळा नाहीतर लाल. याचा काळाभोर आहे, आणि डोळ्याखाली ओघळ आल्यासारखी काळी रेघ आहे. हा ससाण्याच्या जातीतला. खरुची म्हणतात याला." बरोबर असेल त्यांचं. बरोबरच होतं. पण ते हळू आवाजात सांगता येत नव्हतं का? मागून कुणीतरी म्हणालं की चष्मेवाल्यांचा नंबर वाढलेला दिसतो, आणि सगळे हसले. दादा, त्या हसणाऱ्यांत तुमची बहीण होती. मी वळून बघितलं तेव्हा तिने पदर तोंडाशी धरला होता, पण खांदे हलत होते.

पुढचं तर विचारूच नका. सोमवारी माझ्याच चष्म्याच्या दुकानात, माझ्याच खुर्चीवर बसून एक गिऱ्हाईक मला म्हणालं, "घाई नाही, आधी तुमचे तपासून घ्या." इतकी वर्षं मी या गावाला लांबचं आणि जवळचं दाखवतोय. या गावातल्या निम्म्या लोकांना आपली बायको कशी दिसते हे माझ्यामुळे कळलं आहे. त्यांनी मला हसावं?

मी ठरवलं, हा पक्षी पाठ करायचा. रोज सकाळी भट्टीवर जाऊ लागलो. चालणं होतं म्हणून तुमची बहीणही यायची, घडीची खुर्ची आणि सोलायला मटारच्या शेंगा घेऊन (शास्त्राच्या कामाला मटार घेऊन येणारी व्यक्ती तुम्ही दुसरी कुठे पाहिली असेल तर सांगा). आणि खरं लिहायचं तर, दादा, पाखरू बघण्यासारखं आहे. वाऱ्याकडे तोंड करून ते आकाशात एका जागी थांबतं. शेपटी पंख्यासारखी उघडते, पंख थरथरत असतात, सगळं अंग वाऱ्याने हलत असतं, पण डोकं तसूभर हलत नाही. माझ्या डोळे तपासायच्या यंत्रावर हनुवटी टेकून बसलेलं एकही गिऱ्हाईक डोकं इतकं स्थिर ठेवत नाही. मग ते एक पायरी खाली उतरतं, पुन्हा थांबतं, आणि एकदम गवतात पडतं. वर येतं तेव्हा पायांत उंदीर असतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी बराच वेळ दुर्बीण खाली घ्यायला विसरलो होतो. असो.

तिथे दोन पक्षी होते. एकाचं डोकं आणि शेपटी राखाडी, पाठ विटेसारखी लाल. दुसरं डोक्यापासून शेपटीपर्यंत तपकिरी आणि पट्ट्यापट्ट्यांचं. मी म्हटलं, राखाडी ती खरुची आणि तपकिरी ती भलतीच दुसरी जात. कॅप्टन म्हणाले, तपकिरी ते मागच्या वर्षीचं पिल्लू. त्यावरून मंडळात दोन तट पडले. कॅप्टन मला रस्त्यात बघून पलीकडच्या बाजूला जायचे. मी त्यांचा तयार झालेला चष्मा आणून न देता "येऊन घेऊन जा" असा निरोप धाडला. तुमची बहीण कुठल्या तटात होती म्हणाल, तर ती मटार सोलत होती.

अशात बातमी आली की धुराडं पाडणार. ठेकेदार दोरखंड आणि माणसं घेऊन हजर झाला. मंडळाने अर्ज केला म्हणून नगरपालिकेचे एक साहेब बघायला आले. त्यांनी सरळ विचारलं, धुराड्यात घरटं आहे का, असेल तर कशाचं. कॅप्टन म्हणाले, घरटं असणं शक्य नाही, हा एकटा नर आणि त्याचं मोठं झालेलं पिल्लू आहे. मी म्हटलं, शक्य आहे, पण कोणत्या जातीचं ते आधी ठरलं पाहिजे. मग आम्ही दोघं एकदमच बोलू लागलो. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि ठेकेदाराला म्हणाले, "चढवा माणसं."

तेव्हा तुमची बहीण खुर्चीवरूनच म्हणाली, "थांबा हो. आत पोरं आहेत."

साहेब वळले. "तुम्हाला काय माहीत?"

"रोज बघते ना. राखाडी डोक्याचा तो नवरा. हे आणि कॅप्टन भांडत असतात तेव्हा तो डबा घेऊन येतो, लांबूनच की-की-की करून हाक मारतो. मग ती तपकिरी, धुराड्याच्या लोखंडी पट्ट्याखालच्या भोकातून बाहेर येते, त्याच्याकडून उंदीर घेते आणि आत जाते. तो आत थांबत नाही, लगेच पुढच्या कामाला. घरात पोरं असल्याशिवाय कुठली बाई एवढं खाणं दिवसभर आत नेईल? बसा घटकाभर, येईलच."

आणि दादा, तो आला. साहेबांना बसायला जागा नव्हती म्हणून ते विटांवर टेकले होते, तेवढ्यात राखाडी नवरा उंदीर घेऊन आला, ओरडला, तपकिरी बाहेर झेपावली, हवेतल्या हवेत त्याच्या पायांतून उंदीर घेतला आणि लोखंडी पट्ट्याखाली गुडूप झाली. आत चिवचिवाट उठला तो खालपर्यंत ऐकू आला. ठेकेदारानेच दोर गुंडाळायला घेतला. पिल्लं उडून जाईपर्यंत पाडकाम थांबवलं आहे.

जाताना साहेब म्हणाले, आता काही विचारायचं असलं तर बाईंनाच विचारू. मी म्हटलं, आमच्या चर्चेतून हळूहळू हेच निघणार होतं. कुणी ऐकलं नाही. कॅप्टन आता तिची घडीची खुर्ची उचलून नेतात. माझ्या दुकानात लोक येतात, "ताई आहेत का" विचारतात, आणि ती काउंटरवर बसून पंख कसे ओळखायचे ते सांगते. मी आत अक्षरांचा तक्ता लावून ताटकळत असतो. काल एकाने तिला विचारलं, तुम्हाला एवढं कसं दिसतं? ती म्हणाली, "जवळचं हे बघतात, लांबचं मी." सगळे हसले. तुम्ही मोठे आहात, तुम्ही तिला चार शब्द सुनवावेत, ही नम्र विनंती. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा (अजून तरी) आप्त,
चष्मेवाला

ता. क. सुनवायचं राहू द्या. पिल्लं आता भोकाच्या तोंडाशी येऊन पंख झाडतात, कधीही उडतील. दुकान बंद ठेवता येत नाही आणि मला ते चुकवायचं नाही. तुम्ही आठवडाभर येऊन काउंटरवर बसाल का? गुडघ्याला काम नाही, नुसतं बसायचं आहे.

दुसरा ता. क. हे मी विचारलं असं तिला कळू देऊ नका. गुडघा दाखवायला आलो म्हणा.

दादा, यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं, म्हणून वाचलं. ये नक्की. हे रोज दुपारी दुकानातून पळून भट्टीवर जातात आणि मला सांगतात, दूध आणायला गेलो होतो. खोटं वाटू नये म्हणून येताना खरंच आणतात. घरात दूध ठेवायला भांडं उरलं नाही. काउंटर मी सांभाळीन. तू दूध प्यायला ये.